भिवाजीची सवत

भिवाजीला हेवा काही नवा नव्हता. कडाव गावात त्याला ओळखणारा कुणीही सांगेल, की दुसऱ्याचं बरं झालेलं या माणसाला पचत नाही. शेजारच्या गजाची म्हैस जास्त दूध देते असं डेअरीवर कळलं, की हा घरी येऊन आपल्या म्हशीशी दोन दिवस बोलायचा नाही. चुलतभावानं घरावर स्लॅब टाकला, तेव्हा शेतावर जायची सरळ वाट सोडून यानं सगळा पावसाळा लांबच्या बांधावरून चिखल तुडवला. का, तर तो स्लॅब नजरेला पडायला नको. कुणी विचारलं तर म्हणायचा, "स्लॅबखाली मानूस शिजतो. कौलाची सर नाय त्याला." पुढं स्वतःच्या घरावर स्लॅब टाकून झाला, तेव्हा मात्र तो त्याच सरळ वाटेनं, भावाच्या दारावरून, मुद्दाम खाकरत जायला लागला.

या स्वभावावर हसायची मुभा घरात एकट्या बायकोला, भागूबाईला, होती, आणि तिनं ती लग्न झाल्यापासून मनसोक्त वापरली होती.

पण हे सगळे जळफळाट किरकोळ. भिवाजी खरा जळला तो साठी उलटल्यावर, नातू अंगणवाडीत जायला लागला त्या वर्षी. आणि जळला कुणावर, तर अंगणवाडीच्या वनिताबाईंवर. किडकिडीत अंगाची, आवाज बसलेली, जुन्या स्कूटीवरून शेजारच्या गावाहून येणारी बाई. जिच्याकडं ना म्हैस, ना स्लॅब, तिचा हेवा करायची वेळ आपल्यावर येईल असं भिवाजीला स्वप्नातही वाटलं नसतं.

नातवाचं नाव साईराज. भिवाजीचा मुलगा मनोज खालापूरकडं एका कारखान्यात शिफ्टला, सून समीक्षा तिकडंच औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. कंपनीची बस तिला सकाळी न्यायची ती दिवेलागणीला आणून सोडायची. मधला अख्खा दिवस पोर आजोबांचं. धारांच्या वेळी साईराज गोठ्यात, दूध घालायला जाताना सायकलच्या दांड्यावर, लावणीच्या वेळी बांधावर. भाकरी दुधात कुस्करायची ती भिवाजीनं, भरवायची ती भिवाजीनं, तोंड पुसायचं तेही खांद्यावरच्या पंच्यानं भिवाजीनंच.

मनोजच्या लहानपणी भिवाजीला पोर हातात घ्यायची सवड नव्हती. पहाटे धारा, मग नेरळला दुधाचे कॅन, मग शेत. मनोज चालायला लागला हे त्याला भागूबाईनं सांगितलं तेव्हा कळलं. साईराजला भिवाजीच्या खांद्यावर बघून मनोज एकदा म्हणाला होता, "आमच्या टायमाला ह्यो खांदा कुठं होता, बाबा?" हसत म्हणाला होता, पण भिवाजीला ते आत कुठंतरी लागलं. एक पोर हातचं सुटलं होतं. हे दुसरं सोडायचं नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि सोडलं नाहीच. इतकं धरून ठेवलं, की पाच वर्षांचा झाला तरी साईराज घराबाहेर कुणाशी बोलत नसे. मुका नव्हता. आजोबांच्या कानाला लागून कुजबुजायचा. बाहेरचं माणूस आलं की आजोबांचा लेंगा मागून मुठीत धरून उभा राहायचा. काही हवं असलं तर बोट दाखवायचा, आणि ते बोट पुरतं उचललं जायच्या आधीच भिवाजी म्हणायचा, "पानी पायजेल त्याला." कुणी पोराला नाव विचारलं तर नाव भिवाजी सांगायचा. याचा त्याला केवढा अभिमान! "पोराला तोंड उघडावं लागत नाय माझ्यासमोर," तो डेअरीवर सांगायचा, "डोल्यातलं कलतं मला."

समीक्षाला हेच खुपत होतं. तिसऱ्या वर्षी तिनं अंगणवाडीचं नाव काढलं तेव्हा सासरा म्हणाला, "खिचडी घरात शिजत नाय का?" चौथ्या वर्षी म्हणाला, "बारका हाय." पाचव्या वर्षी तिनं विचारलंच नाही. चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, "बाबा, पुढच्या साली त्याला पहिलीत बसायचंय. एकदम बसवला तर तो चड्डीत मुतंल, पन बाईंना सांगनार नाय. हे एक वरीस त्याला पायजेल. सोमवारपासनं न्या त्याला." सून एवढी सरळ कधी बोलली नव्हती. भिवाजीनं भागूबाईकडं बघितलं. ती तांदूळ पाखडत होती आणि तिनं काही मान वर केली नाही.

अंगणवाडी शाळेच्याच आवारात, कोपऱ्यातल्या एका खोलीत. भिंतीवर रंगवलेला हत्ती, खाली सतरंजी, दाराशी लहान लहान चपलांची रांग. भिवाजीनं साईराजला आत सोडलं आणि स्वतः समोरच्या उंबराखाली बैठक मारली. पोर पळत बाहेर आलं. बाईंनी आत नेलं. पुन्हा आलं. पुन्हा नेलं. प्रत्येक फेरीला भिवाजीचं काळीज सुखावत होतं.

शेवटी वनिताबाई बाहेर आल्या. "आबा, तुमी घरी जा."

"मी काय केलं? झाडाखाली बसलोय. झाड अंगनवाडीचं हाय का?"

"तुमी दिसता तवर त्याचा जीव आत लागत नाय. तुमी गेलात की रडंल तो, पन बसंल."

पोरं सोडायला आलेल्या चार बायकांसमोर त्याला असं कुणी उठवलं नव्हतं. तो उठला, रस्त्यापर्यंत गेला, आणि साईराजचं भोकाड ऐकून तिथूनच मागं वळून खोलीच्या मागच्या भिंतीशी येऊन उभा राहिला. आता हे तासभर चालणार, मग बाई हात टेकणार आणि आपल्याला बोलावणं येणार, अशी त्याची खात्री होती. आतून बाईंचा बसका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, पोरं कसलंसं गाणं म्हणायला लागली आणि रडणं थांबलं. भिवाजीनं भिंतीला कान लावला. हुंदकासुद्धा नाही.

त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं ते हे, की आपल्यावाचून एवढ्या लवकर गप्प कसा झाला? घरी येईपर्यंत तो या एकाच गोष्टीनं आतल्या आत खदखदत होता.

मग घरात 'बाई म्हणतात' सुरू झालं. बाई म्हणतात, जेवायच्या आधी हात धुवायचे. बाई म्हणतात, चपला रांगेत ठेवायच्या. साईराजनं आजोबांच्या वहाणासुद्धा उचलून रांगेत ठेवल्या, आणि त्या नेहमीच्या जागी सापडेनात म्हणून भिवाजी अनवाणीच गोठ्यात गेला. एक दिवस बाईंनी पोरांपुढं वाल आणि हरभरे एकत्र करून ओतले आणि निवडायला लावले, असं कळलं. भिवाजीला आयतं कोलीत मिळालं. "वाल निवडायला पोर शालंत घातलंय? आपल्या घरात वालाला काय तोटा हाय? पाटी नाय, पेन्सिल नाय, नुसता खेल. सरकारचा पगार खाते आन् पोरांकडनं वाल निवडून घेते."

समीक्षा म्हणाली, "बाबा, त्यानं बोटं वळतात. पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो ना." भिवाजीनं नाक मुरडलं. सुनेच्या तोंडूनही बाईच बोलत होती.

गणपतीच्या आधीच्या एका दुपारी त्याच्या वर्मावरच घाव बसला. त्यानं नेहमीसारखी भाकरी दुधात कुस्करायला घेतली, आणि साईराजनं ताटली आपल्याकडं ओढली. "आबा, मी मोडतो." चिमुकल्या बोटांनी त्यानं भाकरीचे ओबडधोबड तुकडे केले, अर्धं दूध मांडीवर सांडलं, आणि स्वतःच्या हातानं पहिला घास तोंडात घालून आजोबांकडं असं बघितलं, जणू आता शाबासकी मिळणार. भिवाजीचा दुधाचा हात तसाच राहिला. त्यानं शाबासकी दिली नाही. त्याचं स्वतःचं जेवण त्या दिवशी गळ्याखाली उतरलं नाही.

भागूबाईनं हे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "बायकांना सवत येते म्हनतात. आमच्या घरात ती बाप्याला आली."

"गप बस गं."

"ती स्कूटीवरनं येते, एवढंच कमी होतं."

भिवाजी ताडकन उठून गेला. पण ते बोलणं खरं होतं, आणि म्हणून जास्त झोंबलं. तो आता बाईंमध्ये खोट शोधायला लागला. तिचा आवाज फाटका आहे. ती चालताना चपला फटफटवते. पोर आजारी पडलं तर तिच्या बापाचं काय जातं? रात्री साईराजची झोपमोड झाली तर ती येणार आहे का पाठ थोपटायला? पोराला झोपेत आपणच थोपटतो, याचा हिशेब तो मनातल्या मनात बाईंपुढं मांडायचा, आणि त्या हिशेबात दर वेळी जिंकून सकाळी पुन्हा हरायचा. कारण सकाळी पोर आजोबांच्या आधी चपला घालून दारात उभं असायचं.

दसरा आला. या बाजूला दसऱ्याला दाराला नवं बांधतात. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल, झेंडू, असं सगळं एकत्र दोऱ्यात बांधून चौकटीला अडकवायचं. पहिलं घराच्या दाराला, मग गोठ्याला, मग नांगराला. साईराज मान धरायला लागला त्या वर्षापासून घराचं नवं त्यानंच बांधायचं, आजोबांच्या खांद्यावर बसून, असा भिवाजीनं रिवाजच पाडला होता. त्या सकाळी तो आंघोळ करून ओलेत्यानं शेतात गेला, भरलेल्या लोंब्या पारखून आणल्या, जुडी बांधली आणि पोराला खांद्यावर घेतलं. मनोजला सुट्टी होती. सगळं घर दारात उभं.

साईराजनं जुडी हातात घेतली, पण चौकटीकडं हात नेला नाही. "आबा," तो वरून मोठ्यानं म्हणाला, "हे बाईंच्या दाराला. आपल्या घराला दुसरं करा. बाईंच्या दाराला कोन नाय बांधत."

पोर चारचौघांत एवढं लांब कधी बोललं नव्हतं. समीक्षानं हरखून मनोजचा दंड धरला. "ऐकलं का हो? केवढं बोलला!" मनोजही हसला. भिवाजीच्या अंगाची मात्र आग झाली. त्यानं पोराला खाली उतरवलं, जुडी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच चौकटीला बांधली. गाठ त्यानं दोनदा आवळली. भागूबाईनं उरलेल्या लोंब्यांची दुसरी जुडी केली, नातवाचा हात धरला आणि दोघं जाऊन अंगणवाडीच्या बंद दाराला नवं बांधून आली.

त्या दिवशी दुपारी घरातली माणसं लवंडल्यावर भिवाजी शाळेच्या आवारात गेला. तिथं चिटपाखरू नव्हतं. कडी-कोयंड्याला भागूबाईच्या हातच्या गाठीनं ती जुडी बांधलेली होती, आणि तिच्यात साईराजनं आपल्या अकलेनं एक कोंबडीचं पीसही खोवलं होतं. दाराचं नवं सोडू नये हे भिवाजीला पोरवयापासून ठाऊक. त्यानं ते सोडलं. छातीशी धरून, पंच्याखाली झाकून घरी आणलं आणि म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं पीस तेवढं बाजूला ठेवलं. ते त्यानं शेणात दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम अंगणातच थांबला. पोर रडत येणार, आपण जवळ घेणार, असं त्याच्या मनात होतं. साईराज उड्या मारत आला.

"आबा, नवं पाखरांनी नेलं! बाई म्हनतात, पाखरांना शेत नसतं, मग त्यांचं नवं कुठनं येनार? त्यांनी आपलं नेलं. आता त्यांच्या घरट्याला बांधलं असंल."

 पोराचे अश्रूसुद्धा त्या बाईनं आपल्या वाट्याला येऊ दिले नव्हते. एवढं पाप करून हाती लागलं काय, तर तिचीच शहाणीव. त्या संध्याकाळी त्यानं म्हशीची धार काढली ती दात खाऊन.

दिवाळीची सुट्टी संपली आणि भिवाजीनं डाव साधला. कापणी चालू होती, भागूबाई शेतावर, मनोज शिफ्टला, समीक्षा कंपनीत. सकाळी साईराज चपला घालून दारात आला तेव्हा भिवाजी म्हणाला, "बाई नाय तिथं. बाई गावाला गेल्यात."

"कधी येनार?"

"येतील. लांब गेल्यात."

अंगणवाडीची मदतनीस नाक्यावर भेटली, तेव्हा तिला त्यानं 'पोराला ताप' म्हणून सांगितलं. संध्याकाळी समीक्षाला पोरानंच सांगितलं, बाई गावाला गेल्यात, आणि कामावरून दमून आलेली ती कशाला शंका घेते. भागूबाईला मात्र सगळं कळलं होतं. "लेकराशी खोटं बोलता? सुनेला मी नाय सांगनार. तुमच्याच तोंडानं सांगाल तुमी, बघा."

सुरुवातीचे दिवस भिवाजी राजासारखा वागला. पोर पुन्हा त्याचं होतं. सायकलच्या दांड्यावर, बांधावर, गोठ्यात. पण साईराज हळूहळू बोलेनासा झाला. पुन्हा बोट दाखवायला लागला. ते बोट बघून पूर्वी भिवाजीला जे सुख व्हायचं ते आता होईना, कारण मधे त्यानं त्या पोराचा मोठा आवाज ऐकला होता. शाळेला पर्याय म्हणून त्यानं कर्जतहून नवी कोरी पाटी आणली. शाळा म्हणजे पाटी, एवढंच त्याला माहीत. त्यानं 'ग' काढून दिला आणि गिरवायला बसवलं. पोराची पेन्सिल निसटायची, रेघ वाकडी जायची. चौथ्यांदा वाकडी गेल्यावर भिवाजीचा आवाज चढला आणि हात वर गेला. मारलं नाही. पण साईराजनं मान खांद्यांत ओढून घेतली आणि डोळे गच्च मिटले.

ती मान बघून भिवाजी गार झाला. त्याच्यासमोर या पोरानं कधी मान आवळली नव्हती. त्यानं पाटी बाजूला सारली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला.

बाहेर आला तर साईराज दिसेना. गोठ्यातून आवाज येत होता. भिवाजी दाराबाहेरच थबकला. आत पोरानं रेडकाला खुंट्याजवळ बसवलं होतं, पुढं दोन शेणगोळे आणि एक फुटकं टमरेल मांडलं होतं, आणि तो रेडकाच्या गळ्यात हात टाकून समजावत होता. आवाज अगदी बाईंच्या वळणाचा, बसका.

"रडू नको. मी पन रडायचो. तवा बाई म्हनायच्या, तुजे आबा कुठं गेले नाय. ते घरी तुजी वाट बघतात. मंग मी घरी आलो की आबा असायचे. रोज असायचे. बाई खोटं नाय बोलत." मग तो थोडा थांबला. "आता बाई गावाला गेल्यात. आबांनी सांगितलंय. येतील त्या. आबा पन खोटं नाय बोलत."

 अंगणवाडीच्या भिंतीमागं उभं राहून पहिल्या दिवशी जे शब्द त्याला कळले नव्हते, ते हे होते. ती बाई त्याच्या पोराला त्याचंच नाव सांगून गप्प करत होती. रोज. आणि त्यानं तिचं काय केलं? तिला गावाला पाठवली. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती, आणि लाजेच्या बुडाशी हेवा होताच. हिनं आपल्याला एवढं मोठं करून सांगायचं आणि आपण एवढं खुजं निघायचं, हेही त्याला सहन होईना.

रात्री जेवताना त्यानं सुनेला सांगितलं. खाली मान घालून, भाताशी बोलल्यासारखं. "बाई कुठं गेल्या नाय. मीच त्याला धाडत नव्हतो." समीक्षानं वाढायचा डाव खाली ठेवला. ती ओरडली असती तर त्याला बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या तुमीच न्या." भागूबाई हसली नाही, हे त्याला सगळ्यात जड गेलं.

सकाळी तो साईराजचं बोट धरून आवारात गेला तेव्हा वनिताबाई दारातच होत्या. पोर बोट सोडून पळालं आणि त्यांच्या पायांना मिठी घालून मोठ्यानं विचारलं, "बाई, तुमी गावावरनं आल्या?"

भिवाजीनं जमिनीकडं बघितलं. वनिताबाईंनी पोराकडं बघितलं, मग त्याच्याकडं. 

"आले की रं," त्या म्हणाल्या. "तुज्याबिगर वाल कोन निवडनार? चल आत."

झालं, आता वर उपकारही झाले. भिवाजीला आभार मानायचे होते, माफी मागायची होती, आणि त्याच वेळी त्या बाईला गदागदा हलवून विचारायचं होतं, की बाई, तू एकदा तरी चूक का करत नाहीस? यातलं काहीच न बोलता तो उंबराला वळसा घालून निघून गेला. नव्याचं गुपित तेवढं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. ते म्हशीनं रवंथ करून कधीच संपवलं होतं.

पुढचे महिने सरळ गेले. भिवाजीचं जळणं थांबलं असं नाही, पण ते आता गुमान जळणं होतं. तो पोराला वेळेवर सोडायचा, वेळेवर न्यायचा. वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा त्यानं पिशवीभर शेंगा अंगणवाडीच्या दाराशी ठेवल्या आणि कुणी बघायच्या आत सटकला. एकदा डेअरीवर नवा माणूस आला. त्यानं विचारलं, "काय नाव बाळा?" भिवाजीनं सवयीनं तोंड उघडलं, तोवर साईराजनं नाव सांगून टाकलं होतं, आडनावासकट, आणि वर रेडकाचंही सांगितलं होतं. भिवाजीचं तोंड तसंच उघडं राहिलं. गजा बघून हसला. भिवाजीलाही हसू आलं, जरा उशिरानं.

आणि जून आला. पहिलीचा पहिला दिवस. शाळेच्या दाराशी फुगे, रांगोळी, पोरांचा कालवा. समीक्षानं अर्धी रजा काढली होती, ती नावनोंदणीच्या टेबलाशी अडकली होती. पोराला वर्गापर्यंत न्यायचं भिवाजीकडं होतं. रात्रभर त्याला एकच घोर होता. नवी जागा, नवे गुरुजी, पोर पुन्हा लेंगा धरून बसलं तर? आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला तसंच व्हायला हवं होतं. एकदाच. शेवटचं.

आवाराच्या मधोमध साईराजनं बोट सोडवून घेतलं. पाठीवरचं दप्तर सारखं केलं. पहिलीच्या वर्गाबाहेर नवे तरुण गुरुजी उभे होते. पोर त्यांच्याकडं चालत गेलं, काहीतरी बोललं, गुरुजी वाकून हसले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत घेऊन गेले. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

भिवाजी हात तसाच पुढं धरून उभा होता. मग त्याला दिसलं, की जाताना पोर अंगणवाडीच्या दारावरूनच गेलं होतं, आणि त्या दारात वनिताबाई उभ्या होत्या. त्यांनी बहुतेक हाक मारायला हात वर केला होता. तो हात अजून खांद्याइतका वर होता. साईराजनं त्यांच्याकडंही बघितलं नव्हतं.

बरी जिरली, असं भिवाजीच्या मनात आलं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते आज डोळ्यांनी दिसलं होतं. पण ते सुख क्षणभरसुद्धा टिकलं नाही. बाई त्या नव्या गुरुजींच्या वर्गाकडं बघत होत्या, आणि ती नजर भिवाजी चांगला ओळखत होता. आपण तिच्याकडं वर्षभर अशाच नजरेनं बघत आलो होतो.

तो त्यांच्याजवळ गेला. पहिल्यांदाच स्वतःहून. "बाई, त्यानं तुमच्याकडं पन बघितलं नाय वो."

"नाय बघत, आबा." त्यांनी हात खाली घेतला आणि पदरानं नाक पुसलं. "बघितलं असतं तर माजं काम कच्चं राहिलं असतं."

"पन वाईट वाटतंच ना?"

"दर जूनला वाटतं. घरी जाऊन जेवत नाय मी त्या दिवशी."

"मंग आता सवय झाली असंल."

"नाय झाली."

 एका पोरानं त्याची ही दशा केली होती. ही बाई दर वर्षी खोलीभर पोरांना बोलायला, जेवायला, मोकळं व्हायला शिकवत होती, ते अशा एका सकाळी त्यांनी आपल्याकडं न बघता पुढं निघून जावं म्हणून. त्याला म्हणायचं होतं, बाई, माझं चुकलं. शब्द ओठांवर आलेही.

तेवढ्यात आतून भोकाड ऐकू आलं. नवं पोर, आजच सोडलेलं, सतरंजीवर लोळण घेत होतं. त्याच्यामागं दुसरं सुरू झालं, मग तिसरं. "आले रं, आले," म्हणत वनिताबाई वळल्या आणि आत गेल्या. भिवाजीला दारातून दिसलं, की पहिल्या पोरानं त्यांचा पदर दोन्ही मुठींत गच्च धरला आणि तोंड त्यांच्या कुशीत खुपसलं. बाईंचा चेहरा बघता बघता उजळला.

तो बाहेर उभा राहिला. त्याच्याकडं घरी म्हैस होती, रेडकू होतं, स्लॅबही होता. पण आता त्याला धरून रडणारं कुणी उरलं नव्हतं. आत त्या बाईला एका पोराच्या बदल्यात खोलीभर पोरं मिळाली होती, आणि पुढच्या जूनलाही मिळणार होती. घरी जाईपर्यंत भिवाजीच्या पोटात तो जुना, ओळखीचा हेवा उठत राहिला. या वेळी त्याला कुणालाच दोष देता येईना.